पिझ्झाचा खोका आणि घरपोच सेवेची जाहिरात : सल्ला हवाय

रंगारीण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

कोल्हापुरात राजारामपुरीत दोन भावांचं एक छोटं पिझ्झाचं दुकान आहे. आजवर लोक तिथे बसूनच खायचे. आता घरपोच सुरू करायचंय, म्हणून खोक्याचं डिझाईन, पॅम्फ्लेट, रिक्षामागचा बोर्ड आणि व्हॉट्सॲपवर फिरवायच्या पोस्ट असं सगळं काम माझ्याकडे आलंय. मी मुखपृष्ठं आणि लग्नपत्रिका करते. आर्ट पेपरवरची छपाई हातातली आहे, पुठ्ठ्यावरची नवीन.

मालकांची फर्माईश अशी : खोक्यावर चीज ताणलेला मोठा फोटो, '३० मिनिटांत नाहीतर फुकट' हे ठळक, बाजूला मेनू, कोपऱ्यात चालू ऑफर, चार रंग. शिवाय 'जरा स्वस्तात बसवा' हे आहेच.

खोके सात, दहा आणि बारा इंची. मला एवढंच ठरवायचंय की यातलं काय ठेवायचं आणि काय त्यांच्या गळी उतरवून काढायचं. आणि मराठीतून लिहिलं तर चालेल का? त्यांना वाटतं पिझ्झा म्हटला की इंग्रजीच हवं.

---

डायपंच

ताई, शिरोली एमआयडीसीत आमचं खोक्यांचंच काम आहे, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे फोटो विसरा. कोरुगेटेडवर, म्हणजे नागमोडी पुठ्ठ्यावर, थेट फ्लेक्सोनं (रबरी ठशाच्या छपाईनं) फोटो मारला की चीज कुठलं आणि बुरशी कुठली ते कळत नाही. फोटो हवाच असेल तर ऑफसेटवर वेगळा कागद छापून तो पुठ्ठ्यावर चिकटवायचा. ते देखणं होतं, पण खर्चाचं गणित पार बदलतं आणि ऑर्डर मोठी द्यावी लागते. लहान दुकानाला ते परवडत नाही.

तीन प्लायचा खोका म्हणजे वर-खाली सपाट कागद आणि मध्ये नागमोडी. त्या नागमोडीला फ्लूट म्हणतात. ई फ्लूट साधारण दीड मिलिमीटर जाड, बी फ्लूट तीनच्या आसपास. ई वर छपाई स्वच्छ येते. बी मध्ये हवा जास्त कोंडलेली असते, म्हणून ऊब टिकते आणि थप्पीचं वजनही सोसतो. सात इंचीला ई पुष्कळ झाला. बारा इंचीला मी बी सुचवीन, कारण पोरं बॅगेत तीन-चार खोके एकावर एक कोंबतात.

रंग एकच घ्या, फार तर दोन. प्रत्येक रंगाला वेगळा स्टिरिओ, म्हणजे छपाईचा ठसा, लागतो आणि तीन साईज म्हणजे तिप्पट स्टिरिओ. खोक्याच्या तपकिरी क्राफ्ट कागदावर पिवळा मरतो आणि लाल विटकरी होतो. काळा, गडद हिरवा, गडद निळा हे चांगले बसतात.

आणि ऑफर खोक्यावर छापू नका. कितीही बजावा, माल संपायच्या आत भाव बदलतोच. मग पोरगं बसतंय मार्करनं खोडत.

---

खोडरबर

मालकांची यादी वाचून खोका पिझ्झापेक्षा मोठा लागेल असं वाटलं. चालू द्या.

---

तळटीप

मराठीतूनच लिहा, पण अक्षर निवडताना डायपंच यांचा प्रतिसाद समोर ठेवा. फ्लेक्सोत शाई कडेनं पसरते. रोमन लिपीत त्यानं फारसं बिघडत नाही. आपल्या 'क्ष', 'श्र', 'ठ्ठ्या' यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा मात्र भरून जातात आणि अक्षराचा ठिपका होतो.

'एक टाईप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'मोदक' फॉन्ट पडद्यावर फार गोड दिसतो. गुटगुटीत अक्षरं, आत केसाएवढ्या फटी. पुठ्ठ्यावर त्या फटी पहिल्याच फेरीत बुजतील. त्यांचाच 'बलू' घ्या, मधल्या वजनाचा. गोलाई तीच आणि आत श्वास घ्यायला जागा आहे. बारीक मजकुराला 'मुक्ता'. दोन्ही मोफत परवान्यावर मिळतात, व्यावसायिक कामालाही चालतात.

---

डायपंच

तळटीप, शंभर टक्के बरोबर. अजून एक. कागदाखाली फ्लूटच्या ज्या रेघा असतात त्या छपाईत उमटतात, पट्टे पट्टे दिसतात. शिरोरेघ त्या पट्ट्यांना समांतर आली तर कुठं दाट, कुठं फिकी. म्हणून खोक्यात फ्लूट कुठल्या दिशेला जाणार ते आधी विचारा आणि मग नाव मांडा. रेघ एक मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. रंगाच्या पट्ट्यातून अक्षर कोरून काढणार असाल तर त्याहून जाड.

---

चीजबाई

मी गिऱ्हाईक म्हणून बोलते. मला खोक्यावरच्या चित्राचं काही पडलेलं नाही. उघडल्यावर पिझ्झा एका बाजूला सरकलेला नसावा, झाकणाला चीज लागलेलं नसावं आणि खालचा बेस ओल्या चामड्यासारखा नसावा. तीन गोष्टी झाल्या की मी पुन्हा मागवते. घरी प्लेटा कमी पडतात, तेव्हा झाकण फाडून त्याच्यावरच वाढता आलं तर उत्तम.

---

तळटीप

चीजबाईंच्या तक्रारीत अर्धं पॅकेजिंग शास्त्र आलं. भट्टीतून निघालेला पिझ्झा वाफ सोडत राहतो. झाकण थंड असतं, वाफ तिथे पाणी होऊन पुन्हा खाली टपकते. थोडं पाणी पुठ्ठा पितो आणि मऊ पडतो, मग झाकण मध्यभागी खाली येतं. भोकं पाडली की वाफ जाते, पण तिच्याबरोबर ऊबही जाते. पिझ्झाच्या खोक्याची सगळी मारामारी या दोन टोकांमधली.

झाकण चीजला लागू नये म्हणून मध्ये ठेवायची ती प्लास्टिकची तिपाई न्यूयॉर्क राज्यातल्या कार्मेला व्हिटाले यांनी काढली. पेटंट १९८५ चं. वाफेवर मला आवडलेला उपाय मात्र आपल्या मुंबईतला आहे, व्हेंटिट नावाचा खोका. त्यात आतल्या आणि बाहेरच्या कागदाला समोरासमोर भोकं नसतात, ती एकमेकांपासून सरकवलेली असतात. वाफ आतल्या फटीतून फ्लूटच्या नळ्यांत शिरते आणि नळीतून फिरून बाहेर पडते. सरळ भोकातून जसा वारा आत येतो तसा येत नाही. वेगळा कागद नाही की वेगळा पुठ्ठा नाही, फक्त कापायच्या जागा बदलल्या.

---

कोपऱ्यावरचा

मी सांगलीत अशाच एका दुकानाचं डिलिव्हरीचं बघतो. डिझायनर लोक नेहमी झाकण सजवतात. दुकानात खोके थप्पीला असतात, बॅगेतही थप्पीला असतात. तिथे दिसते ती फक्त पुढची उभी पट्टी. नाव तिथे पाहिजेच. त्याच पट्टीवर बिलाचं स्टिकर चिकटवायला कोरी जागा सोडा, नाहीतर स्टिकर तुमच्या सुंदर नावावरच बसणार. व्हेज-नॉनव्हेज गोंधळ झाला की फोनवर काय ऐकावं लागतं ते मलाच माहीत. आमच्याकडे जैन पिझ्झाला वेगळं स्टिकर आहे, कांदा-लसूण नाही हे मोठ्या अक्षरात.

---

रंगारीण

इतके तपशील मिळतील असं वाटलं नव्हतं. मालकांना चीजबाईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो लगेच पटला. फोटोवर अजून अडून बसलेत.

'३० मिनिटांत' बद्दल कुणी बोललंच नाही? त्यांचा सगळा भर तिथेच आहे.

---

ह्यूरॉनकाठ

अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून लिहितोय, डॉमिनोजचं मुख्यालय आमच्याच गावात. त्यामुळे हा इतिहास इथे सगळ्यांना पाठ असतो.

१९६० साली जवळच्याच इप्सिलांटीत टॉम मोनाहन आणि त्यांच्या भावानं एक दुकान घेतलं. लोगोवरचे तीन ठिपके म्हणजे पुढे लोगो केला तेव्हाची तीन दुकानं. प्रत्येक नव्या दुकानाला एक ठिपका वाढवायचा बेत होता म्हणे, तो सोडला ते बरं झालं. त्यांचा धंदा वाढला तो अर्ध्या तासाच्या हमीवर. आधी फुकट, नंतर पैशांची सूट. मग डिलिव्हरीच्या गाड्यांचे अपघात आणि खटले सुरू झाले. १९९३ च्या डिसेंबरात सेंट लुईसच्या ज्यूरीनं एका जखमी बाईंना सुमारे ७ कोटी ९० लाख डॉलर द्यायचा निकाल दिला आणि काही दिवसांतच कंपनीनं अमेरिकेतली ती हमी बंद केली. भारतात डॉमिनोज १९९६ मध्ये आलं. तिथे मात्र हीच ३० मिनिटांची हमी पुढे खूप वर्षं चालली, म्हणून आपल्या डोक्यात पिझ्झा म्हणजे अर्धा तास हे पक्कं बसलंय.

तुमच्या मालकांकडे डिलिव्हरीला पोरं किती? पावसाळ्यात राजारामपुरीतून रंकाळ्यापलीकडे जायचं तर सिग्नल कोण थांबवणार?

---

कोपऱ्यावरचा

ह्यूरॉनकाठ यांना अनुमोदन. हमी मालक देतो आणि गाडी पोरगं मारतं. उशीर झाला की 'फुकट'चे पैसे बऱ्याच ठिकाणी पोराच्याच पगारातून जातात, तोंडी कुणी काही म्हणो. मी असली जाहिरात असलेल्या दुकानात काम केलंय. पुन्हा करणार नाही.

---

खोडरबर

वेळ सांगायचीच असेल तर पोचायची कशाला, निघायची सांगा. 'भट्टीतून निघाला : __ वाजून __ मिनिटांनी'. पेनानं भरायचं. खोटं बोलायला वाव नाही आणि पोरालाही पळायला नको.

(माझ्याकडून एवढा उपयुक्त प्रतिसाद आला याची संपादक मंडळानं नोंद घ्यावी.)

---

टॅगलाईनतात्या

खोडरबर, ही कल्पना विकत घेतो! 'भट्टीतून निघाला ७:४२ ला' यात वचन नाही, तरी गिऱ्हाईक घड्याळ बघतंच. दुकानाला स्वतःच्या भट्टीची लाज नाही हे त्यातून दिसतं.

पुण्यात जाहिरातीत बरीच वर्षं घासली आहेत, म्हणून दोन शब्द मजकुराबद्दल. कोल्हापूर म्हटलं की प्रत्येक कॉपीरायटर 'नाद खुळा' आणि 'लई भारी' वर येऊन थांबतो. सलूनपासून शोरूमपर्यंत सगळ्यांनी ते वापरून चोथा केलाय. कोल्हापूरकरांच्या दिवसात शिरा. सकाळ मिसळीची असते, त्या जागेवर कुणीच हात टाकू शकत नाही आणि टाकूही नये. मग कबूल करून टाका :

मिसळ सकाळी.
आम्ही संध्याकाळी.

बस्स. रिक्षाच्या मागे एवढंच आणि फोन नंबर. मागच्या गाडीवाल्याला सिग्नलला तेवढंच वाचता येतं.

खोक्याच्या आतल्या बाजूला, झाकण उघडल्यावर दिसेल असं, मोठ्ठं छापा : 'आधी मोठ्यांना'. खाली बारीक : 'म्हणजे ज्यानं पैसे दिले त्याला'.

---

मानकबाई

तात्या, ओळ झकास आहे, पण आतून छापू नका. अन्नसुरक्षेचं काम करते म्हणून मध्ये पडते.

एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत स्पष्ट आहे की छापील बाजू अन्नाला थेट लागता कामा नये. शाईसाठीही भारतीय मानक ठरलेलं आहे, आयएस १५४९५. झाकण पिझ्झाला लागत नाही असं तुम्ही म्हणाल. चीजबाईंचा प्रतिसाद पुन्हा वाचा. लागतं. आणि वर म्हटल्याप्रमाणे त्याच झाकणावर वाफेचं पाणी जमून खाली टपकतं. आतला कागदही साधा रद्दीचा क्राफ्ट नको, अन्नाला चालणारा घ्या आणि पुरवठादाराकडून तसं लेखी घ्या.

आता जाहिरातीचं. मालक कुठलं चीज वापरतात ते आधी विचारा. वनस्पती तेलापासूनचा पर्याय मिसळत असतील तर '१०० टक्के चीज' लिहायचा प्रश्नच येत नाही. 'अस्सल', 'शुद्ध', 'ताजं' असल्या शब्दांवर २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम लागू होतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हिरव्या-तपकिरी खुणा स्टिकरवर घेणार असाल तर नव्या घ्या : शाकाहारीला हिरव्या चौकोनात भरीव हिरवं वर्तुळ, मांसाहारीला तपकिरी चौकोनात भरीव तपकिरी त्रिकोण. जुनं तपकिरी वर्तुळ इंटरनेटवरून उचलू नका. आणि चौदा आकडी परवाना क्रमांकाला जागा ठेवा.

---

टॅगलाईनतात्या

मानकबाई, आतली ओळ बाहेर आणतो. पुढची पट्टी दुमडून आत जाते ना, तिच्यावर झाकण उघडताना दिसेल असं?

---

मानकबाई

तीही आतच राहते आणि पिझ्झाच्या कडेला घासते. वरच्या झाकणावर घ्या की! टेबलावर खोका बंद असतो तेव्हाच सगळे त्याच्याकडे बघत असतात.

---

टॅगलाईनतात्या

हे मान्य. ऑफिसमध्ये एक जण खोका घेऊन जातो आणि सगळे मान वळवतात. पैसे देणाऱ्यानं दुकान आधीच निवडलेलं असतं, झाकण बाकीच्यांसाठी असतं. म्हणून झाकणावर दोनच गोष्टी : नाव आणि ती ओळ. मेनू, नकाशा, 'आमची इतर शाखा नाही' वगैरे काही नको.

---

चीजबाई

'आमची इतर शाखा नाही' मला आवडतं हो. ठेवा.

---

निळाशार

खोक्यालाच जाहिरात करायचं ब्रिटनमधलं एक उदाहरण बघण्यासारखं आहे. २०१६ मध्ये जोन्स नोल्स रिची या स्टुडिओनं तिथल्या डॉमिनोजचे खोके नव्यानं केले. तिकडे पिझ्झे बहुतेक जोडीनं विकले जातात. म्हणून एक खोका लाल आणि एक निळा, प्रत्येकावर ठिपके. दोन शेजारी ठेवले की लोगो पूर्ण होतो. त्याआधीच्या खोक्यावरचा ऑफरचा कचरा सगळा काढला.

तुमच्याकडे एकच रंग आहे, पण तीन साईज आहेत. तिन्ही एकावर एक ठेवल्या की काहीतरी जुळेल असं करता येईल का?

---

डायपंच

बॅगेत दिसणार नाही आणि घरात तिन्ही साईज एकदम कोण मागवतंय? छान आहे, पण सोडा.

---

पेठेतला

कोल्हापूरचा माणूस म्हणून एक विचारतो. फॉन्ट कशाला शोधताय? कलामहर्षी बाबूराव पेंटरांचं गाव आहे हे. सिनेमाची पोस्टरं हातानं रंगवायची परंपरा इथली. फ्लेक्सनं पेंटर लोकांचं काम खाल्लं, तरी दुकानाच्या पाट्या रंगवणारे हात अजून पेठेत सापडतात. त्यांच्याकडून दुकानाचं नाव ब्रशनं लिहून घ्या. ते अक्षर लांबून वाचायलाच बनलेलं असतं, जाड असतं, पोट मोकळं असतं. डायपंचदादांच्या मशिनला दुसरं काय पाहिजे? योग्य पैसे द्या म्हणजे झालं, 'तेवढं एक नाव टाका की' करू नका.

---

डायपंच

भावा, हे बेस्ट! ब्रशचा काठ थोडा ओबडधोबड असतो, त्यात शाई जराशी पसरली तरी चूक वाटत नाही. फॉन्टमध्ये लगेच डोळ्यात येते.

---

तळटीप

मीही सहमत. बलू मागे घेतो, मुक्ता बारीक मजकुराला राहू द्या. मूळ अक्षर मोठं रंगवून घ्या, स्कॅन चांगल्या रिझोल्यूशनला करा आणि व्हेक्टर करताना कडा घोटून गुळगुळीत करू नका. वापराचे हक्क लेखी घ्या, पेंटरच्या नावानिशी.

---

खोडरबर

पॅम्फ्लेटचं काय ठरलं? रोज सकाळी पेपरातून चार पडतात, आमच्याकडे त्यात कढीपत्ता गुंडाळतात.

---

टॅगलाईनतात्या

सकाळी सातला पेपरात पिझ्झा टाकून काय होणार? तो निर्णय संध्याकाळी सातला होतो, ऑफिसातून येताना, पाऊस लागला की, मॅच असली की. पॅम्फ्लेट छापायचंच तर त्याला घरात टिकायचं कारण द्या. एका बाजूला फक्त मेनू, फ्रिजला लावता येईल एवढं, जाड कागद. मालकांचा तो फोटो दुसऱ्या बाजूला घ्या, तिथे आर्ट पेपर आहे, चीज चीजसारखं दिसेल. फोटो मात्र त्यांच्याच पिझ्झाचा, विकतच्या साईटवरचा नको. २०१० मध्ये अमेरिकेतल्या डॉमिनोजनं आमच्या जाहिरातीत सजवून नटवलेले फोटो वापरणार नाही असं जाहीर केलं होतं. त्याच्याच थोडं आधी 'तुमचा बेस पुठ्ठ्यासारखा लागतो' म्हणणारी गिऱ्हाईकं त्यांनी स्वतःच्या जाहिरातीत दाखवली आणि पाककृती बदलल्याचं सांगितलं. ते धाडस पाककृती खरंच बदलली होती म्हणून चाललं.

बाकी पैसा व्हॉट्सॲप स्टेटसवर घाला, म्हणजे घालूच नका, तो फुकट आहे. साडेसहाला एक चित्र. रोज नको, पावसाच्या आणि मॅचच्या दिवशी.

---

रंगारीण

ठरत आलंय, म्हणून सगळ्यांना एकत्र उत्तर.

पेठेतल्या एका पेंटरकाकांकडे जाऊन आले. त्यांनी नाव तीन तऱ्हांनी लिहून दिलं. मालकांना त्यातलं सर्वांत तिरकं, शेपटीवालं आवडलं आणि मलाही. रंग एक, गडद हिरवा. झाकणावर नाव आणि 'मिसळ सकाळी, आम्ही संध्याकाळी'. धाकटे मालक आधी म्हणाले, 'मिसळीचं नाव आपल्या खोक्यावर कशाला?' थोरल्यांनी त्यांना गप्प केलं, कारण त्यांची स्वतःची सकाळ मिसळीनंच होते.

३० मिनिटं गेली. चीज खरंच दुधाचं आहे, बिलं बघितली, तरी '१०० टक्के' लिहिणार नाही. फोटो पॅम्फ्लेटवर. वाफेच्या त्या सरकवलेल्या फटींबद्दल डायपंच यांच्याशी बोलायचंय.

निघायच्या वेळेची ती कोरी जागा पुढच्या पट्टीवर घेतली आहे.

---

कोपऱ्यावरचा

ती जागा छापू नका. शनिवारी रात्री आठला कुणीही पेन शोधत नाही. अर्धे खोके कोरे जातील आणि कोरी जागा लिहिलेल्या वेळेपेक्षा वाईट दिसते. बिलाच्या मशिनवर वेळ आपोआप येते, ती स्टिकरवर मोठी करून घ्या. पिझ्झा खोक्यात सरकवतानाच स्टिकर निघेल असं सेटिंग करून मिळतं, मशिनवाल्याला सांगा.

---

खोडरबर

माझी एकुलती एक उपयुक्त सूचना प्रिंटरनं खाल्ली. हरकत नाही, वेळ खरी असली म्हणजे झालं.

---

रंगारीण

कोपऱ्यावरचा, करते तसंच. पट्टीवर डावीकडे नाव, उजवीकडे स्टिकरची कोरी चौकट. क्यूआर कोड कुठे घेऊ? मालकांना झाकणावर हवाय.

---

डायपंच

झाकणावर नको, बाजूच्या पट्टीवर घ्या. तीन सेंटिमीटरच्या खाली नको, भोवती मोकळी जागा सोडा आणि कोडमध्ये लांबलचक पत्ता भरू नका, ठिपके बारीक होतात आणि शाईत मिटतात. तपकिरीवर गडद हिरवा फोनला वाचता येतो का ते आधी तुकड्यावर मारून बघू.

फटींचं म्हणाल तर तसा खोका पेटंटचा असू शकतो, परवानगीशिवाय मी त्याचा डाय, म्हणजे कापायचा साचा, करणार नाही. आपण साधी दोन भोकं बाजूच्या भिंतीत वरच्या कडेला घेऊ, झाकणात नको. आतला कागद व्हर्जिन, म्हणजे रद्दीचा नाही असा, त्याचं पत्र पुरवठादाराकडून घेऊन मानकबाईंना दाखवतो.

आर्टवर्क पाठवताना क्रीजपासून पाच मिलिमीटर लांब राहा, नावाची ती शेपटी घडीवर येऊ देऊ नका. आधी सात इंचीचा स्टिरिओ करू, तो छापून, पिझ्झा घालून, गाडीवर फिरवून बघू. मग बाकीच्या साईज. आणि मालकांना सांगा, खोके आले की जमिनीवर रचू नका, खाली लाकडी पाट घाला. जुलैत आपल्याकडची फरशी पाणी सोडते आणि खालची थप्पी पिझ्झा बघायच्या आतच मऊ पडते.